उभ्या भिंतीतली खिडकी

आत्याबाई, तुमची लोखंडी पहार, तुमच्या भाषेत सब्बल, अजून दारामागंच उभी आहे. तुमच्या पोरानं ती उचलून मागच्या टिनाच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, मी परत आणली. त्यानं पुन्हा नेली, मी पुन्हा आणली. मग त्यानं नाद सोडला. "राहू दे बाप्पा, तुमा सासूसुनांचं काय ते तुमीच पाहा," म्हणाला आणि गाडीला किक मारून मालेगावला दुकानावर गेला. सासू जाऊन महिना होत आला, तरी हा माणूस 'सासूसुनांचं' म्हणतो. त्याचंही काही चुकत नाही म्हणा.

विहारात तुमचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वंदना झाली, मग एकेक जण उठून बोलला. कुणी म्हणालं कष्टाळू होती, कुणी म्हणालं शब्दाची पक्की होती. तुमच्या माहेरच्या भावजयीनं पदर डोळ्याला लावून सांगितलं, "लय मायाळू होती व माय." तेव्हा मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, सून रडते. मला हसू आलं होतं. नव्या सुनेला घरात आल्या दिवशी हत्यारांच्या कोपऱ्यापुढं उभं करून, "ही सब्बल हाय, हा घन हाय, हे जंबूर हाय, नीट पाहून घे, अन् हात लावू नोको," असं सांगणारी बाई मायाळू असते का?

मी विहारात काही बोलले नाही. माझं जे बोलायचं राहिलं आहे, ते चारचौघांत उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. आपलं भांडण अर्धं राहिलं, आत्याबाई. स्वयंपाकघराच्या भिंतीत खिडकी पाडायची की नाही, हे भांडण. मी म्हणत होते पाडायची, माझ्या लेकीच्या, समताच्या दम्यासाठी. तुम्ही म्हणत होत्या, मी जिती आहे तोवर नाही. तुम्ही गेल्या आणि भिंत माझ्या हातात आली. तिचं मी काय केलं, ते सांगायला बसले आहे.

बाहेरच्या माणसाला सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण जुनी घरं उतरवणारी बाई म्हणून अनसिंगपासून मालेगावपर्यंत लोक तुम्हाला ओळखत होते. घरकुल मंजूर झालं की जुनं मातीचं घर मोडायला निघायचं, आणि आधी तुम्हाला बोलावणं यायचं. मामंजी होते तोवर तुम्ही जोडीनं जात होत्या, ते गेल्यावर हाताखालच्या कांताबाईला घेऊन. 'पाडणे' हा शब्द तुमच्यासमोर कुणी काढायची सोय नव्हती. "पाडते तो जेसीबी. आमी घर उतरवतो," असं ठणकावून सांगायच्या. लाकूड सलग निघालं पाहिजे, छपराचं कवेलू फुटता कामा नये. चौकटीचा खिळा वाकला तरी तुमचं तोंड दिवसभर वाकडं.

आणि कामाला पहिला हात तुम्ही कधी लावला नाही. घरच्या बाईला बोलवायच्या, शिडी धरून तिला वर चढवायच्या आणि छपरावरचं पहिलं कवेलू तिच्या हातून उतरवून घ्यायच्या. मालक घाई करू लागला की म्हणायच्या, "तिनं सारवलं न इतकी वर्सं? मंग पयला हात तिचा." एखादी बाई ते कवेलू छातीशी धरून रडायला लागायची. तेव्हा तुम्ही तिच्याकडं पाठ करून उगाच सब्बलीचं टोक तपासत बसायच्या. तिचं रडणं होईस्तोवर तुमचं तपासणं चालायचं. हे मला कांताबाईनं सांगितलं. तुम्ही कसलं सांगता.

तुमची हत्यारं तशी काही भारी नव्हती. सब्बल वाशिमच्या एका लोहाराकडून ट्रकच्या जुन्या अ‍ॅक्सलची ठोकून घेतलेली, एक टोक अणकुचीदार आणि दुसरं चपटं. जंबुराच्या दोन्ही दांड्यांना सायकलची ट्यूब गुंडाळलेली, हाताला गार लागू नये म्हणून. हातोडीचा दांडा बाभळीचा. छन्नी घासून घासून बोटभर उरली होती, तरी तुम्ही तिला टाकत नव्हत्या. दसऱ्याला आजूबाजूची घरं अवजारांना हळदकुंकू लावायची. आपल्याकडं पूजा नाही. पण त्या दिवशी तुम्ही सगळी हत्यारं धुवायच्या, तेलाचा हात लावायच्या आणि तरटावर मांडून ठेवायच्या. मी एकदा खवचटपणे विचारलं, ही पूजाच नाही का? तुम्ही म्हणाल्या, "पूजा कायची? सुट्टी हाय त्याहिले." बैलाला सुट्टी असते, सब्बलीला का नसावी, असा तुमचा हिशोब होता.

मी शिवणकाम करणारी. माझं हत्यार कैची. तुम्हाला माझ्या कैचीचं फार हसू यायचं. घरी कुणी आलं की म्हणायच्या, "आमच्या सुनेचं हत्यार पाहा, कागदासंग भांडते." पण एकदा मशीनच्या फळीचा खिळा वर आला आणि प्रत्येक ब्लाऊजला ओरखडा पडायला लागला. तुम्ही कामावर होत्या. मी कोपऱ्यातलं जंबूर काढलं, खिळ्याचं डोकं धरलं आणि जीव खाऊन ओढलं. डोकं तुटून हातात आलं, खिळा फळीत तसाच. संध्याकाळी तुम्ही आल्या. मी जंबूर जागेवर ठेवलं होतं, पुसून ठेवलं होतं, तरी तुम्हाला कळलं. कसं कळलं ते आजवर मला कळलेलं नाही.

मला वाटलं आता बोलणी बसणार. तुम्ही फळी उलटी केली, खालून निघालेल्या टोकावर हातोडीनं ठोकून तो मोडका खिळा वर आणला. मग माझ्या हातात दुसऱ्या एका जुन्या फळीचं लाकूड दिलं, गंजके खिळे असलेलं. "हं. उपट." मी ओढायला लागले तर मनगटावर टपली मारली. "आधी त्याले जरासा आत ठोक. गंज सुटला की मंग तो सोडते. अन् जंबुराखाली लाकडाचा तुकडा ठेव, नाई त फळीले खड्डा पडन." मी ठोकलं, तुकडा ठेवला, दांडी दाबली. खिळा कुरकुरत सरळ बाहेर आला. माझा चेहरा काय झाला असेल तो असेल, कारण तुम्ही चक्क हसल्या. मग आपण दोघी अंगणातल्या दगडावर बसून खिळे उपटत आणि सरळ करत राहिलो, दिवे लागेपर्यंत. त्या दिवसापासून माझ्या हाताला जंबुराची मुभा मिळाली. सब्बलीची मात्र नाही.

तुमच्या गैरहजेरीत एक सांगून टाकते. अनसिंगची गोष्ट मी तुमच्या पोराला सांगितली आहे. तुम्ही शपथ घातली होती, पण तुम्ही दवाखान्यात होत्या आणि तो रात्रंदिवस गप्प बसून होता, त्याला हसवायला दुसरं काही माझ्याकडं नव्हतं.

कांताबाईच्या पायाला काटा लागून पाय सुजला होता, म्हणून तुम्ही मला नेलं होतं. मालक शहरात नोकरीला. त्यानं फोनवर सांगितलं, विहिरीजवळ निंबाखाली टिनाचा गोठा आहे, तो उतरवून ठेवा. आपण गेलो. विहीर होती, निंब होता, गोठा होता. मी म्हटलं, घरच्या बाईला बोलवायचं ना? तुम्ही म्हणाल्या, "गोठ्याले कायची बाई? लाव शिडी." आणि आपण लागलो कामाला. दुपारपर्यंत अर्धी टिनं खाली उतरवून एकावर एक नीट रचली. तेवढ्यात एक म्हातारबा म्हैस घेऊन आले. त्यांनी गोठ्याकडं पाहिलं, वर आभाळाकडं पाहिलं, मग तुमच्याकडं पाहिलं. आरडाओरडा काही केला नाही. नुसतं विचारलं, "बाई, माह्या गोठ्यानं तुमचं काय वाकडं केलं?"

विहिरीच्या पलीकडं दुसरा निंब होता. त्याखाली दुसरा गोठा.

तुमचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा झाला होता. मग तुम्ही खाली उतरल्या, म्हातारबांसमोर हात जोडले आणि मला म्हणाल्या, "पाह्यतं काय, चढव टिनं." आपण ती सगळी टिनं परत चढवली. गंजलेले खिळे तुम्ही फेकून दिले आणि आपल्या पिशवीतले सरळ केलेले खिळे लावले, प्रत्येक खिळ्याखाली ट्यूबचा गोल तुकडा. म्हातारबा म्हैस बांधून खाटेवर बसून पाहत होते. काम झालं तेव्हा म्हणाले, "पावसाचं गळत होतं. बरं झालं चुकल्या तुमी. चहा घ्या." परतीच्या बसमध्ये तुम्ही खिडकीकडं तोंड करून बसल्या होत्या. मला वाटलं राग आला आहे. वाशिम आलं तेव्हा म्हणाल्या, "घरची बाई बोलावली असती त असं झालं नसतं." त्यानंतर गोठा असो की कोंबड्यांचं खुराडं, तुम्ही आधी घरच्या बाईला हाक मारत होत्या.

हे सगळं मी मुद्दाम आठवते आहे. कारण गेल्या दोन वर्षांचं आठवायला बसलं की फक्त भिंत आठवते, आणि आपल्यात भिंतीशिवायही पुष्कळ होतं.

समताला दमा निघाला तेव्हा वाशिमच्या डॉक्टरांनी तिला वाफ दिली आणि आपल्या तिघांना समोर बसवून सांगितलं, धूर आणि धूळ दोन्हींपासून पोरीला लांब ठेवा. त्या दिवसापासून तुम्ही कामावरून आल्या की आधी हापशीवर जायच्या, अंगावरची सगळी धूळ धुवायच्या, मागच्या टिनात लुगडं बदलायच्या आणि मगच घरात पाय ठेवायच्या. थंडीच्या दिवसांतही. नातीला जवळ घेण्याआधी स्वतःचे हात हुंगून पाहायच्या. हे मी पाहिलं आहे, आत्याबाई. त्याबद्दल एक शब्द तुम्हाला कधी म्हटला नाही. आज म्हणते, तुमचे फार उपकार झाले.

पण धुराचं काय? सिलिंडर आपण पुरवून वापरतो, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. स्वयंपाकघराला एकच दार, तेही माजघरात उघडणारं. धूर सगळा घरात. मी म्हटलं, चुलीच्या वरती मागच्या भिंतीत खिडकी पाडू, पलीकडं मोकळी बखळ आहे, धूर सरळ निघून जाईल. मला वाटलं होतं, तुम्ही लगेच सब्बल घ्याल. तुम्ही ताट बाजूला सारलं आणि म्हणाल्या, "उभ्या भितीले भोक मी पाडत नाई. आख्खं घर उतरवून माग, उतरवून देतो."

"तुमी साऱ्या तालुक्याची घरं उतरवता, अन् माह्यासाठी चार इटा काढाले जिवावर येते?" मी म्हणाले.

"व्हय. येते."

एवढंच. कारण नाही, काही नाही. मी महिनोन्‌महिने चिडलेली होते. पोरगी खोकलायला लागली की मी मुद्दाम तुमच्याकडं पाहायची. तुम्ही उठून तिची पाठ चोळायच्या आणि भिंतीकडं बघायच्या नाहीत. मी म्हणायची मिस्त्री बोलावते. तुम्ही म्हणायच्या, बोलाव, मी भितीले टेकून बसतो, कसा पाडते पाहू. तुमचा पोरगा जेवण अर्धं टाकून ओट्यावर जाऊन बसायचा.

मग एका दुपारी दगडावर खिळे सरळ करताना तुम्ही सांगितलं. माझ्याकडं न बघता, प्रत्येक ठोक्यागणिक एकेक वाक्य. मामंजी लंगडत ते बैलगाडीवरून पडल्यामुळं, असं घरात सगळे सांगत. तसं नव्हतं. रस्त्यावरच्या एका घराला किराणा दुकानासाठी नवं दार काढायचं होतं. जुनी मातीची भिंत, तिच्यावर छपराचं ओझं. घरमालक म्हणाला, खालून काढा, लवकर होईल. मामंजींनी तुम्हाला विचारलं, काय करायचं? "मीच म्हनलं, काढा, होऊन जाते." त्यांनी खालच्या विटा काढल्या आणि भिंत बसली. तुम्ही त्यांना हातांनी उकरून काढलं. सब्बल वापरता येईना, कारण खाली पाय कुठं आहे ते दिसत नव्हतं. "तवापासून उभ्या भितीले हात नाई लावला मी. वरून खाली उतरवाचं, ते मले येते. हे नाई येत."

मी तेव्हा गप्प राहायला हवं होतं का, ते मला अजून ठरवता येत नाही. मी म्हणाले, "मंग तुमच्या भेवापायी माह्या पोरीनं धूर खायाचा काय?" तुम्ही हातोडी खाली ठेवली आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी मी उठले तर चूल अंगणात मांडलेली, वरून टिनाचा आडोसा केलेला, आणि तुम्ही तिथं बसून भाकरी थापत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता त झालं?" मीही म्हणाले, "झालं." पण पावसाळा लागला की आडोशातून पाणी यायचं, चूल पुन्हा आत यायची, आणि भांडणही. तुम्हाला तुमच्या माणसाचा पाय दिसत होता, मला माझ्या पोरीची छाती. दोघींपैकी खोटं कोण बोलत होतं, सांगा बरं?

मग तुमचं दुखणं आलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा तुमची खाट माजघरात टाकली, माझ्या मशीनशेजारी. तुम्ही ग्लानीत पुष्कळ बोलत होत्या. कवेलू मोजले काय, टेकू दे इकून, कांते शिडी धर. आम्ही हो हो म्हणायचो. एका दुपारी मी ब्लाऊज बेतत होते, आणि तुम्ही एकदम स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "सुषमा, नाट कोठी टेकला ते पाह्यलं काय?"

मी कापडावरची नजर न काढता म्हणाले, "हो, पाह्यलं."

"आधी लोखंड घाल. मंग खाली हात लाव."

"हो, आत्याबाई."

"घाई नोको करू."

मला वाटलं तुम्ही मामंजींबरोबर कुठल्या तरी जुन्या घरात आहात. मी उठून तुम्हाला चमच्यानं पाणी पाजलं. तुम्ही माझा हात धरून ठेवला होता, तो मी हळूच सोडवला, कारण गिऱ्हाईक दारात उभं होतं.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, आणि पुढच्याच आठवड्यात तुमचा पोरगा मिस्त्री घेऊन आला. मी सांगितलं नव्हतं. मिस्त्रीजवळ विजेवर चालणारं तोडायचं मशीन होतं. बोलायला मऊ, चांगला माणूस. मला विचारलं, "ताई, कुठं पाहिजे?" मी चुलीच्या वर बोट दाखवलं. दोन वर्षं तीच जागा दाखवत होते. त्यानं खडूनं चौकोन आखला आणि मशीनची वायर लांबवायला बाहेर गेला. मी चौकोनाकडं बघत उभी राहिले. मला आनंद व्हायला हवा होता. तो होईना. आणि मग तुमचा तो स्वच्छ आवाज कानात आला. नाट कोठी टेकला?

मी शिडी लावली. वरची पोती सरकवली, जाळी बाजूला केली आणि टॉर्च मारला. आपल्या छपराचं सगळ्यात जाड लाकूड, ज्याला तुम्ही नाट म्हणायच्या, ते मागच्या भिंतीवर बरोबर त्या खडूच्या चौकोनाच्या डोक्यावर टेकलेलं होतं. खाली दगड नाही, फळी नाही. मातीत बसवलेल्या विटांवर नुसतं लाकूड. मी शिडीच्या वरच्या पायरीवर बसून राहिले. तुम्ही जुन्या घरात नव्हत्या, आत्याबाई. तुम्ही याच घरात होत्या. खाटेवर पडल्या पडल्या माझ्या खिडकीचं काम करत होत्या, आणि मी बाही कापत होते.

मिस्त्री आत आला तेव्हा मी त्याला वर बोलावून दाखवलं. त्यानं जीभ चावली. म्हणाला, "बरं झालं ताई, पाहिलं. आपण दोन हात बाजूनं घेऊ, मी उद्या येतो." मी म्हटलं, उद्या नको, मी कळवते. तुमचा पोरगा म्हणाला, "आता काय झालं? पायजे होती न खिडकी?" मी त्याला म्हटलं, "घाई नोको करू." तो माझ्याकडं बघत राहिला. मग खुर्ची ओढून बसला आणि लहान पोरासारखा रडला. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदा.

मी कांताबाईला बोलावलं. कांताबाईनं सगळं ऐकून घेतलं, भिंतीवर बोटाची गाठ वाजवून पाहिली आणि म्हणाली, "तुह्या सासूनं मले उभ्या भितीले कधी हात लावू देला नाई. पन कसं करतेत ते मले माहीत हाय. तिनंच सांगतलं होतं." करायचं नाही, पण कसं करतात ते सांगून ठेवायचं. ही तुमचीच तऱ्हा.

मग आम्ही केलं. नाटाखाली टेकू दिला. चुलीपासून दोन हात डावीकडं जागा धरली. आधी वरच्या बाजूला, भिंतीच्या अर्ध्या जाडीची फट काढली, तुमच्या त्या बोटभर छन्नीनं. फटीत लोखंडी अँगल बसवला, सिमेंट भरलं आणि ते वाळू दिलं. मग बाहेरून तसंच. तुमचा पोरगा रोज विचारायचा, झालं काय? रोज सांगायची, वाळू दे. अँगल घट्ट बसल्यावर खालच्या विटांची पाळी आली. समताला शेजारी पाठवलं, तोंडाला ओढणी बांधली आणि दारामागची सब्बल घेतली. तुम्हाला विचारायचं राहिलं. ती केवढी जड आहे हो. तुम्ही ती एका हातानं उचलायच्या, मला वाटायचं पोकळ असेल.

पहिल्या विटेच्या सांध्यात टोक घातलं आणि माझा हात चालेना. कांताबाई म्हणाली, "दे इकडं." मी दिली नाही. मामंजींच्या पायाचं मनात येत होतं, छपराचं येत होतं, आणि दोन वर्षं तुमच्या तोंडावर जे जे बोलले ते येत होतं. भीती म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. तुमच्या भीतीला मी हट्ट म्हणत होते. मग टोक जरा आत ठोकलं, गंजक्या खिळ्याला ठोकतात तसं, आणि दांडीवर भार दिला. वीट हलली, बाहेर आली. मी वर बघितलं. नाट जागच्या जागी. अँगल जागच्या जागी. कांताबाईनं वीट हातात घेऊन बाजूला ठेवली, फोडली नाही. मग दुसरी. मग तिसरी. संध्याकाळपर्यंत खिडकी मोकळी झाली. कडा वेड्यावाकड्या आहेत. तुम्ही असत्या तर म्हणाल्या असत्या, उंदरानं कुरतडली काय.

समताचं म्हणाल तर दमा गेलेला नाही. एका खिडकीनं तो जात नसतो, डॉक्टरही म्हणाले. पण मी भाकरी करते तेव्हा धूर बखळीकडं जातो, आणि ती माझ्याजवळ पाटावर बसून अभ्यास करते, ओढणी नाकाला न लावता. काल तिनं विचारलं, आजीनं ही खिडकी आधीच का नाही पाडली? मी म्हणाले, आजीनंच पाडली. ती म्हणाली, आई, काहीही सांगते. मी म्हणाले, बरं, अर्धी आजीनं, अर्धी मी.

खरं तर तेही मला नक्की ठाऊक नाही. तुम्ही त्या दुपारी मला होकार देत होत्या, की नुसतं घाबरून सावध करत होत्या, की ही पोरगी मी गेल्यावर ऐकणार नाही हे ओळखून निदान मरणार तरी नाही एवढी सोय करत होत्या? मी मान वर करून विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं. किंवा नसतं सांगितलं, पण आपलं भांडण तरी झालं असतं.

सगळे म्हणतात, सुषमा, तुझ्या मनासारखं झालं. झालं. भिंत उभी आहे, खिडकी आहे, तुमचंही खरं ठरलं आणि माझंही. पण दोन वर्षं मी या खिडकीसाठी तुमच्याशी भांडत होते ते अशी एकटीनं जिंकायला नाही. तुम्ही समोर बसून, तोंड वाकडं करून, वेड्यावाकड्या कडांना नावं ठेवत, नाइलाजानं 'बरं बाई' म्हणायला हव्या होत्या. तेवढंच हवं होतं मला. आत्याबाई, हरायला तरी थांबायचं होतं.